जरा पुढे सरका

घरातलं कपाट हॉलमधून बेडरूममध्ये नेलं, तर आपल्या कमरेचं जे व्हायचं ते होतं, पण इमारत काही बेडरूमच्या बाजूला कलत नाही. फार तर खालचे लोक आवाज कसला म्हणून विचारायला येतात. छोट्या शिडाच्या बोटीवर असा उदारपणा नसतो. तिथे लोणच्याची बरणी डावीकडून उजवीकडे ठेवली तरी समुद्र तिची नोंद घेतो. आणि दोन बॅटऱ्या व डिझेलची टाकी हलवायची म्हटलं, की तो चोपडी उघडून पै न् पैचा हिशेब मागतो.

माझे एक मित्र आहेत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक कोकणात आंब्याची कलमं लावतात. यांनी मुंबई बंदरात एक जुनी बोट घेतली. तेव्हापासून मित्रमंडळी त्यांना ‘कप्तान’ म्हणतात आणि वहिनी काहीच म्हणत नाहीत. बोट सव्वीस फुटी, फायबरची, वयाने पन्नाशीला टेकलेली. वजन साधारण अडीच टन. त्यातलं जवळजवळ एक टन खाली किलमध्ये, बोट उभी राहावी म्हणून घातलेलं नीरम. उरलेल्या दीड टनात कवच, डेक, डोलकाठी, इंजिन, गाद्या आणि कप्तानांच्या महत्त्वाकांक्षा. त्या वजनाला हलक्या नाहीत.

१९७०च्या आसपास ज्यांनी अशा बोटी आखल्या, त्यांच्या डोक्यात वीज म्हणजे चार दिवे आणि इंजिनाला एक धक्का, एवढंच होतं. त्याला एक बॅटरी पुरे. ती ठेवली मागे, इंजिनाच्या शेजारी. डिझेलची टाकीही मागेच, कारण भरायला तिथे सोपं. पुढे काळ बदलला. बोटीवर स्वयंचलित सुकाणू आलं, नकाशाचा पडदा आला, पंखा आला, फोन चार्ज करायची सोय आली. शेवटी फ्रिज आला आणि गणित बिघडलं.

कारण फ्रिजचं गणित असं: कॉम्प्रेसर चालू असताना चार-पाच अँपिअर ओढतो. उन्हाळ्यात दिवसाचे निम्मे तास चालला, तर पन्नासेक अँपिअर-तास गेले. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे शंभर अँपिअर-तासांची, पंचवीस-तीस किलोची एक अख्खी बॅटरी निव्वळ ताक गार ठेवण्यासाठी. मग दिव्यांना दुसरी. इंजिन चालू करायला तिसरी राखीव, तिला कुणी हात लावायचा नाही. तिन्ही मागे, टाकीच्या शेजारी.

बोटीचं बूड बसलं. हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बोटीवर बसलेल्या माणसाला बोट दिसत नाही. नांगरवाड्यावरच्या बोटींची देखभाल करणारे एक म्हातारे कोळी आहेत, त्यांना सगळे नाखवा म्हणतात. ते एकदा आपल्या होडीतून जाता जाता थांबले, बोटीकडे बाजूने पाहिलं आणि म्हणाले, “मागे कोण बसलंय?”

मागे कुणीच बसलेलं नव्हतं. पण पुरावे हजर होते. पुढच्या टोकाला पाण्याखाली असायला हवा तो तांबडा रंग उन्हात वाळत होता, आणि मागे जिथे पांढरा रंग कोरडा हवा तिथे हिरवं शेवाळ चढलं होतं. कॉकपिटमधलं, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीतलं, पाणी बाहेर जावं म्हणून ठेवलेल्या दोन भोकांतून समुद्र आत येऊन पाय धुऊन जात होता. कप्तान त्याला इतके दिवस ‘भरती’ म्हणत होते.

आता वजन हलवायचं ठरलं, म्हणजे ते कुठे न्यायचं यावर चर्चा आली. शास्त्र सोपं आहे. नुसत्या वजनाला किंमत नाही; वजन गुणिले अंतर, त्याला किंमत. मिळून साठ किलोच्या दोन बॅटऱ्या अडीच मीटर पुढे सरकवल्या, की दीडशे किलो-मीटरचा फरक पडतो. एवढ्या आकाराच्या बोटीचा तोल त्याने तीनेक सेंटिमीटरने बदलतो. तीन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्या पायाशी अजून समुद्र आलेला नाही.

मग अगदी पुढच्या टोकालाच का नेऊ नयेत? सगळं मागे होतं, आता सगळं पुढे. हा विचार प्रत्येक बोटमालकाला सुचतो. पण लाटेवर बोट झोपाळ्याच्या फळीगत पुढे-मागे डोलते, आणि त्या डोलण्यात अंतराचा वर्ग मोजतात. मध्यापासून दुप्पट लांब ठेवलेलं वजन डोलण्याला चौपट हट्टी होतं. नाळेत, म्हणजे अगदी पुढच्या टोकात, ठेवलेल्या बॅटऱ्या लाटेबरोबर वर जायला कुरकुरतात, आणि एकदा वर गेल्या की खाली येताना थांबायचं नाव घेत नाहीत. नाळ पाण्यात घुसते, बोटीचा वेग मरतो, आणि पुढच्या बिछान्यावर झोपलेला पाहुणा छताला भेटून येतो. तेव्हा एकच जागा उरते: मध्यावर आणि तळाशी.

मध्यावर आणि तळाशी ज्या जागा होत्या, त्या वहिनींच्या होत्या.

बैठकीच्या बाकांखाली डाव्या बाजूला तांदूळ, डाळी, पोह्यांचे डबे, दोन नारळ आणि गोडं तेल. उजव्या बाजूला लाइफ-जॅकेटं, औषधांची पेटी आणि एक परात. परात कशाला, हा प्रश्न कप्तानांनी विचारला. “तुमच्या त्या मागच्या भोकातून पाणी येतं, ते कशाने काढते मी?” असं उत्तर आलं. पुढची वाटाघाट सोपी गेली नाही. तांदूळ पुढे गेला, परात जागेवर राहिली, आणि बॅटऱ्यांना डाव्या बाकाखालची जागा मिळाली. अट एकच, की पोह्यांच्या डब्याला आम्लाचा वास येता कामा नये.

अट वाटते तेवढी भाबडी नाही. शिशाची साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्के झाला तरी एका ठिणगीने पेट घेतो. हायड्रोजन हलका, वर जाऊन साठतो. म्हणून बॅटरीच्या पेटीला वरून वाट ठेवावी लागते. छोट्या होडीच्या इंजिनासाठी पेट्रोलचा डबा ठेवलेला असतो, त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती खाली बसते आणि बोटीच्या पोटात गुपचूप पडून राहते. एक शत्रू छताला, दुसरा तळाला, आणि मध्ये आपण आलेपाक खात बसलेलो. त्यात खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन निघतो, तो वेगळाच. बोट म्हणजे निसर्गाच्या सान्निध्यात जाणं, हे वाक्य शाळेत रसायनशास्त्र नीट न शिकलेल्या माणसाचं असणार.

बॅटरी ठेवणं निराळं आणि बांधणं निराळं. बोट पूर्ण आडवी झाली तरी ती जागची हलता कामा नये. अमेरिकेतले बोटबांधणीचे नियम तिला जेमतेम एक इंचाची मुभा देतात. तीस किलोचा ठोकळा वादळात बाकाखालून सुटला तर तो विचारून पडत नाही. म्हणून पेटी, पेटीखाली लाकडाची बैठक, बैठकीला बोल्ट, वरून पट्टा. हे सगळं करताना माणसाचं डोकं बाकाखाली असतं आणि पाय बाहेर. मला विजेरी धरायचं काम होतं. त्यामुळे त्या पावसाळ्यात कप्तानांशी माझं जे काही बोलणं झालं, ते त्यांच्या तळव्यांशी झालं. आधी पान्याचा आवाज यायचा. मग थोडी शांतता. मग ‘टप्’. मग नट घरंगळत किलच्या खोबणीत जाईपर्यंत येणारा लांबलचक खळखळाट, आणि त्याच्यापेक्षा जरा जास्त वेळ चालणारं कप्तानांचं भाष्य. त्या खोबणीत आजवर पडलेले नट, वायसर, पाने आणि एक पूर्वीच्या मालकाचा चष्मा, सगळं मिळून बोटीच्या नीरमात चांगलीच भर पडलेली आहे. तेवढं मात्र अगदी योग्य जागी, मध्यावर आणि तळाशी.

बॅटरी पुढे आली म्हणजे वायरही पुढे आली. इंजिन सुरू करताना क्षणभर शेकडो अँपिअर धावतात. वायर लांब आणि बारीक असली, तर वाटेतच दाब गळतो आणि इंजिनापर्यंत नुसती ‘टक्’ पोचते. लोहार चाळीतल्या दुकानदाराने “किती मीटर?” विचारलं, तेव्हा कप्तान म्हणाले अडीच. “जायचं अडीच, यायचं कोण देणार?” तो म्हणाला. वीज गेली तशी परत यायलाही तार लागते, हे गल्ल्यावर बसून तीस वर्षांत शिकलेला माणूस होता तो. पाच मीटर जाड तांब्याची तार, तीही खाऱ्या हवेत काळी पडू नये म्हणून कथलाचा मुलामा दिलेली. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, नाहीतर तार घासून उघडी पडली की तीच शेगडी होते. तारेचंही वजन असतं, पण ते कुणी मोजायचं नाही असं आम्ही ठरवलं.

टाकीची कथा वेगळी. बऱ्याच फायबरच्या बोटी बांधताना आधी खालचं कवच तयार होतं, त्यात इंजिन आणि टाकी ठेवतात, आणि मग वरून डेकचं झाकण बसवतात. त्यामुळे टाकी आत कशी गेली हे कळतं, पण बाहेर कशी यायची याचा विचार कारखान्याने केलेला नसतो. दारापेक्षा टाकी मोठी. ती रिकामी करून, धुऊन, हातकरवतीने आतच कापावी लागली. पोटात निघालं काळं, बुळबुळीत लोणी. डिझेलच्या तळाशी पाणी साचतं, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी सुखाने संसार करतात. सीमेवर एवढा शांततेत संसार दुसरा मी पाहिलेला नाही.

आता नवी टाकी. चाळीस लिटर डिझेल म्हणजे चौतीसेक किलो. ती डाव्या बाजूला ठेवता येत नाही, तिथे बॅटऱ्या आहेत. उजवीकडे ठेवली तर सकाळी भरलेली असताना बोट बऱ्यापैकी समतोल, आणि संध्याकाळी डिझेल संपल्यावर बॅटऱ्यांच्या बाजूला कललेली. बॅटरी वापरून हलकी होत नाही, डिझेल होतं; यात दोष कुणाचाच नाही. मग तोडगा निघाला: वीस-वीस लिटरच्या दोन टाक्या, दोन्ही बाजूंना, मध्ये जोडणारी नळी, आणि समतोलासाठी एक बॅटरी उजवीकडे. तोडगा सुरेख होता. फक्त वाऱ्याने बोट डावीकडे कलली, की उजव्या टाकीतलं डिझेलही नळीतून डावीकडे चालू लागतं. पडणाऱ्याच्या अंगावर दुसऱ्याने पडावं, तसला प्रकार. म्हणून नळीला कॉक. कॉक आला म्हणजे तो बंद केला की नाही हे विसरणारा माणूसही आला. टाकीच्या आत आडवे पत्रे घालावे लागतात, नाहीतर अर्धी भरलेली टाकी प्रत्येक लाटेला आपलं मत देते. हवेसाठी नळी, भरण्यासाठी नळी, आणि इंजिनाकडून परत येणाऱ्या डिझेलसाठी तिसरी. एवढं सगळं जोडलं की इंजिनाने कुठेतरी एअर पकडलेली असतेच. ती काढेपर्यंत डिझेल इंजिन म्हणजे फक्त एक जड वस्तू.

या काळात धक्क्यावर सल्लागारांची वाण नव्हती. मराठी माणूस बोट घेत नसेल, पण दुसऱ्याच्या बोटीबद्दल त्याचं मत ठाम असतं. एक पंथ लिथियमवाल्यांचा. त्यांचं म्हणणं खरं आहे: तेवढीच वीज निम्म्याहून कमी वजनात मिळते. पण पंधरा किलो वाचले की या पंथातला माणूस त्या पंधरा किलोंत अजून एक बॅटरी घेतो, मग बर्फाचं यंत्र. वजन वाचवायला निघालेली कुठलीच बोट आजवर हलकी होऊन परत आलेली नाही.

दुसरा पंथ स्लोकमवाल्यांचा. जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ मध्ये ‘स्प्रे’ या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. इंजिन नाही, बॅटरी नाही, वेळ बघायला एक स्वस्तातलं पत्र्याचं घड्याळ. या पंथाचा दुसरा श्वास ‘सुहेली’ असतो, आणि तिथे मुंबईकराची छाती फुगायला हरकत नाही. बत्तीस फुटी ‘सुहेली’ सागवानी, आपल्या मुंबईतच बांधलेली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ मध्ये निघाले आणि ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता, एकट्याने जगाला वळसा घालून परतले. वाटेत गोड्या पाण्याचा साठा नासला, रेडिओ मुका झाला. बोट चालत राहिली. आपल्या दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली, तिचंही नाव निघालं. कप्तानांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांच्याबरोबर पाहुणे होते का?”

या प्रश्नाचं उत्तर पुढे आपोआप मिळालं. त्याआधी एक अडचण सांगायला हवी. मुंबईत छोट्या बोटी पावसाळ्यात जमिनीवर काढून ठेवतात, आणि असली कामं ताडपत्रीखाली तेव्हाच होतात. जमिनीवर टेकू लावलेली बोट कधीच कलत नाही. चार महिने तुम्ही वजन कुठेही ठेवा, ती कौतुकाने सरळ उभी असते. निकाल लागतो पाण्यात उतरल्यावर, आणि तोपर्यंत बिलं भरून झालेली असतात.

वजनाची परीक्षा आधी घेण्याचा एक जुना प्रयत्न प्रसिद्ध आहे. स्वीडनच्या राजाने बांधून घेतलेलं ‘वासा’ हे युद्धजहाज वरच्या बाजूला फार जड झालं होतं. निघण्यापूर्वी तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला लावलं. तीन खेपांतच जहाज असं हेलकावू लागलं, की दर्यासारंगाने परीक्षाच थांबवली. नापास होण्याच्या भीतीने पेपर काढून घेणारा इतिहासातला तो पहिला परीक्षक असावा. १० ऑगस्ट १६२८ रोजी ‘वासा’ निघालं आणि सुमारे १३०० मीटर जाऊन स्टॉकहोमच्या बंदरातच बुडालं. चौकशी झाली. कुणावरही दोष ठेवण्यात आला नाही. स्वीडन आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही.

पावसाळा सरला, बोट पाण्यात उतरली. नाखव्यांनी बाजूने पाहिलं आणि मान हलवली. त्यांच्या कोशात याहून मोठी शाबासकी नाही. तांबडा रंग पाण्याखाली, पांढरा पाण्याबाहेर, कॉकपिटची भोकं कोरडी. कप्तानांनी आनंदाच्या भरात मित्रांना मांडव्यापर्यंतच्या सफरीचं आमंत्रण दिलं.

चार मित्र आले. सरासरी पंचाहत्तर किलो. दिवाळी नुकतीच झाली होती, तेव्हा आकडा मी सभ्यतेने सांगतो आहे. चौघंही चढल्या चढल्या थेट मागे जाऊन बसले, कारण वारा मागे, सावली मागे, आणि चकल्यांचा डबाही वहिनींनी मागेच ठेवला होता. तीनशे किलो, मध्यापासून अडीच मीटर: साडेसातशे किलो-मीटर. चार महिन्यांत कप्तानांनी घाम गाळून कमावलेल्या दीडशेच्या पाचपट, एका डब्याभोवती. भोकांतून समुद्र आत आला आणि एका पाहुण्याच्या नव्या मोज्यांवरून परत गेला. “भरती आहे का?” त्याने विचारलं. वहिनींनी न बोलता परात काढली.

तेव्हा ज्यांना आपल्या बोटीवरची बॅटरी किंवा टाकी हलवायची आहे, त्यांना दोन गोष्टी सांगून ठेवतो. करवत हातात घेण्याआधी, बोट पाण्यात असतानाच, तेवढ्याच वजनाचे पाण्याचे कॅन नव्या जागी घट्ट बांधा, एक दिवस फिरून या आणि बोट बाजूने कशी दिसते ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. पाणी स्वस्त आहे, नको झालं तर ओतून देता येतं. बॅटरीचं तसं नाही. आणि ज्यांना कुणाच्या बोटीवर पाहुणे म्हणून जायचं आहे, त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: छोट्या बोटीवरची सगळ्यात जड हलती वस्तू तुम्ही आहात, आणि तुम्हाला पट्ट्याने बांधता येत नाही. तेव्हा कृपा करून मध्ये बसा. डबा तिथे पाठवला जाईल.